जोड लावण्याआधी
(संगणकाची पोर्ट, केबल आणि कनेक्टर यांची ओळख करून देणाऱ्या पुस्तिकेची प्रस्तावना)

कोल्हापूरच्या राजारामपुरीत पत्ता सांगायला फार शब्द लागत नाहीत. छत्रपती राजाराम महाराजांचं नाव लावणाऱ्या या भागात गल्ल्यांना आकडे आहेत: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. खेड्यावरून पहिल्यांदाच आलेला माणूससुद्धा केएमटीच्या बसमधून उतरतो, पाट्या बघत चालतो आणि नेमक्या दारात येऊन उभा राहतो. संगणकाच्या पाठीवरची पोर्टही अशीच वसलेली असतात. प्रत्येक कनेक्टरमध्ये पिना, प्रत्येक पिनेला आकडा आणि प्रत्येक आकड्याला ठरलेलं काम. आकडे वाचता आले की वाट सापडते. नाही आले की तीच जागा वायरींचं जंजाळ वाटते आणि माणूस हात मागे घेतो. असा हात मागे घेणाऱ्या माणसासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

मी या भागात बरीच वर्षं संगणक दुरुस्त करतो आणि संध्याकाळी मुलांना हार्डवेअर शिकवतो. दुकानात ‘बिघडलं’ म्हणून जे येतं, त्यातलं पुष्कळसं बिघडलेलं नसतं. जोडणी चुकलेली असते, पिन वाकलेली असते, नाहीतर दिसायला सारखी पण कामाला वेगळी अशी वायर लावलेली असते. त्यातला एक प्रसंग इथे सविस्तर सांगतो, कारण या पुस्तिकेचं बीज त्यात आहे.

एका सकाळी दुकान उघडताना पन्हाळ्याकडच्या एका गावातल्या दूध संस्थेचे सचिव दारात उभे होते. हातात कॅरीबॅग, तिच्यात दोन केबल. म्हणाले, “सर, काल सांजच्यापासनं काटा आणि संगणक एकमेकांशी बोलंनात. काट्यावर आकडा दिसतोय, संगणकात शून्य. माणसं किटल्या घेऊन रांगेत हुती. शेवटी वहीत लिहून घेतलं.” जुनी केबल उंदराने कुरतडली होती, म्हणून त्यांनी नवी आणली होती. दोन्हींना दोन्ही टोकांना नऊ पिनांचे तेच कनेक्टर. शेजारी ठेवल्या तर जुळ्या भावांसारख्या. मी मल्टिमीटर बीपवर ठेवला आणि एकेक पिन तपासायला लागलो. नव्या केबलमध्ये दोन नंबरची पिन पलीकडे दोनलाच जात होती, तीन नंबरची तीनला. कुरतडलेल्या केबलचं आवरण सोलून बघितलं, तर तिथे दोनची वायर तीनला होती आणि तीनची दोनला.

सगळा उलगडा त्या दोन वायरींत होता. संगणकाच्या नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टवर दोन नंबरची पिन ऐकते, तीन नंबरची बोलते आणि पाच नंबरची ही दोघांची सामाईक जमीन (ग्राउंड) असते. त्यांच्या काट्यावर हीच मांडणी होती. म्हणजे दोघांच्या मध्ये सरळ केबल लावली की एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडाला आणि कान कानाला. दोघेही बोलणार, ऐकणार कोणीच नाही. वायरी उलट्या केल्या की तोंड कानाला लागतं. मी नव्या केबलचं एक टोक उघडलं, दोन आणि तीनच्या वायरी अदलाबदल करून झाळल्या आणि टोपण बसवलं. सचिव शेजारी उभे राहून सगळं निरखत होते. निघताना त्यांनी माझ्याकडून चिकटपट्टी मागून घेतली आणि केबलवर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: “काटा. २-३ उलट.” पुन्हा कधी केबल गेली तर ते गावात कुणालाही हे समजावू शकतील. यंत्र दुरुस्त झालं त्यापेक्षा मला या गोष्टीचा जास्त आनंद झाला.

कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या माणसाला ‘जोड लावणे’ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वस्ताद दोन पैलवानांचं वजन बघतो, वय बघतो, कस बघतो आणि मग कुस्ती ठरवतो. केवळ अंगापिंडाने सारखे दिसतात म्हणून कुणी जोड लावत नाही. संगणकाची जोडणी करतानाही तीच नजर लागते. बाहेरचा आकार बघायचा, आतल्या पिना बघायच्या, त्या पिनांतून काय वाहतं ते समजून घ्यायचं आणि मग हात घालायचा. ओळख आधी, जोड नंतर आणि जोर कधीच नाही. या पुस्तिकेचं सार एवढंच आहे. पुढची पानं आहेत ती हे कसं करायचं ते दाखवण्यासाठी.

पूर्वी हे काम एका अर्थाने सोपं होतं. पोर्टांची संख्या जास्त होती, पण प्रत्येकाचा चेहरा वेगळा होता. १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ या संगणकांबरोबर सहा पिनांची गोल कीबोर्ड-माउसची पोर्ट आली आणि त्याच वर्षी मॉनिटरसाठी पंधरा पिनांचं, तीन ओळींचं व्हीजीए आलं. प्रिंटरला पंचवीस छिद्रांचं लांबट पॅरलल पोर्ट. मॉडेमला, काट्याला आणि कारखान्यातल्या यंत्राला नऊ पिनांचं सिरीयल. पुढे रंगही ठरले. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाअखेरीस पीसी ९९ नावाची संकेतावली आली. तिच्यानुसार कीबोर्ड जांभळा, माउस हिरवा, व्हीजीए निळं, माइक गुलाबी, स्पीकर पोपटी. भाषा न येणाऱ्या लहान मुलालाही रंगाला रंग जुळवून संगणक जोडता यावा, इतका साधा विचार त्यामागे होता. माझ्या मते संगणकाच्या इतिहासात सामान्य माणसाचा सर्वांत जास्त विचार करणारं हे पाऊल होतं.

अडचणीही होत्याच. कीबोर्ड किंवा माउस जोडायचा तर आधी संगणक बंद करायचा. नवं उपकरण लावलं की त्याच्यासाठी सेटिंग करत बसायचं. या त्रासावर उपाय शोधणाऱ्यांमध्ये इंटेलचे अजय भट्ट होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकून ते अमेरिकेत गेले. घरच्या माणसांना साधा प्रिंटर जोडताना होणारी दमछाक पाहून, भिंतीतल्या प्लगइतकी सोपी जोडणी संगणकाला का असू नये, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. अनेक कंपन्यांच्या सहभागातून जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचा पहिला नियम प्रसिद्ध झाला. २०१३ साली भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपियन इन्व्हेंटर अवॉर्ड मिळालं. ज्या विद्यापीठाला सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे, तिथल्या विद्यार्थ्याचा हात आज जगातल्या जवळपास प्रत्येक संगणकाला लागला आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

यूएसबीचं साधं चपटं टोक हातात घेऊन जरा उजेडात धरा. आत सोनेरी चार पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन पट्ट्या लांब आहेत, मधल्या दोन आखूड. कडेच्या दोन विजेच्या, मधल्या दोन माहितीच्या. टोक आत सरकवताना लांब पट्ट्या आधी टेकतात, आखूड नंतर. म्हणजे आधी उपकरणाला वीज आणि जमीन मिळते, मग बोलणं सुरू होतं. काढताना उलट: आधी बोलणं थांबतं, मग वीज जाते. चालू संगणकाला पेनड्राइव्ह लावता येतो, तो या मिलीमीटरभराच्या फरकामुळेही.

आता तुमच्या घरातला तीन पिनांचा प्लग बघा. वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. प्लग बसवताना ती सर्वांत आधी टेकते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. जाड अशासाठी, की ती चुकूनही विजेच्या भोकात जाऊ नये. संगणक असो की पाण्याची मोटर, जोडणी करणाऱ्या शहाण्या माणसांनी सगळीकडे हाच क्रम पाळला आहे: आधी आधार, मग वीज, मग काम. जे लोक संगणकाचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये बसावा म्हणून ही वरची पिन कापून टाकतात, त्यांना मी कळकळीने सांगतो की तुम्ही वायरीचा एक तुकडा कापत नाही, घरच्यांच्या अंगावरचं कवच कापता. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात अशी तक्रार आली की मी आधी प्लग बघतो, मग घरातलं अर्थिंग तपासून घ्यायला सांगतो.

आकार वाचण्याची सवय लागली की पोर्ट स्वतःहून बोलायला लागतात. प्रिंटरच्या पाठीमागचं यूएसबी चौकोनी असतं आणि त्याचे वरचे दोन कोपरे कापलेले असतात. लहान मुलं त्याला ‘घर’ म्हणतात आणि ते नाव अगदी चपखल आहे. एचडीएमआय खाली निमुळतं होतं आणि त्यात १९ पिना असतात. डिस्प्लेपोर्ट त्याच्यासारखंच दिसतं, पण त्याचा एकच कोपरा कापलेला असतो. हार्डडिस्कच्या साटा केबलच्या तोंडाशी काटकोनात वळलेली पट्टी असते, त्यामुळे ती उलटी बसूच शकत नाही. हे कापलेले कोपरे आणि या खाचा शोभेसाठी नसतात. ‘या बाजूने ये’ हे सांगण्यासाठी कुणीतरी विचारपूर्वक केलेली ती खूण असते. उद्यमनगरातल्या कारखान्यात राबणाऱ्या कामगाराला हे लगेच पटतं. नटाचे आटे बोल्टावर दोन बोटांनी फिरत नसतील तर तो पाना लावत नाही. नट काढतो, आटे बघतो. केबल बसत नसेल तेव्हा आपणही हेच करायचं असतं.

जोर लावल्याने काय होतं ते व्हीजीएच्या पिना दाखवतात. एखादी पिन वाकते, कडेला चिकटते आणि पडद्यावरचा एक रंग नाहीसा होतो. चित्र पिवळं किंवा जांभळट दिसायला लागतं. मालकाला वाटतं मॉनिटर गेला. पुष्कळदा नवीन मॉनिटरची चौकशी करूनच तो आमच्याकडे आलेला असतो. मी बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलची पितळी टोकाची नळी घेतो, ती वाकलेल्या पिनेवर हळूच चढवतो आणि पिन केसाएवढी-केसाएवढी सरळ करत आणतो. एकदम ओढली तर तुटते. पाच मिनिटांत रंग परत येतो. हे काम मी विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात देतो, कारण त्यातून हाताला हळुवारपणा शिकवता येतो आणि या धंद्यात तो सर्वांत आधी लागतो.

दुसरं काम देतो ते लॅन केबलला जॅक बसवण्याचं. बाहेरून साधी दिसणारी ही केबल आतून फार सुंदर असते. आठ वायरी, त्यांच्या चार जोड्या आणि प्रत्येक जोडीला दोरीसारखा पीळ. पीळ कशासाठी? एकच संकेत जोडीतल्या दोन वायरींवरून उलटसुलट पाठवलेला असतो. शेजारून जाणाऱ्या विजेच्या वायरीचा त्रास दोघींना सारखाच होतो, कारण पिळामुळे कधी ही पुढे तर कधी ती. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे दोघींना सारखा झालेला त्रास आपोआप वजा होतो. या साध्या युक्तीवर तांब्याची वायर १०० मीटरपर्यंत माहिती स्वच्छ पोचवते.

जॅक बसवताना आवरण दोन-अडीच सेंटीमीटर सोलायचं, पीळ सोडवून वायरी सरळ करायच्या आणि ठरलेल्या क्रमाने लावायच्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मग टोकं एका रेषेत कापायची, जॅकचं लॉक खाली ठेवून वायरी आत सरकवायच्या आणि समोरच्या पारदर्शक बाजूने आठही तांब्याचे ठिपके दिसतात का ते बघायचं. बाहेरचं आवरण जॅकच्या आत गेलेलं हवं, म्हणजे ओढ बसली तर ती आवरणावर येते, बारीक वायरींवर येत नाही. एवढं झाल्यावर क्रिंपिंग टूल दाबायचं.

इथे एक चूक हुशार मुलंसुद्धा करतात. हिरव्या जोडीच्या दोन वायरींमध्ये निळी जोडी का घुसवायची, हे त्यांना पटत नाही. म्हणून ती दोन्ही टोकांना जोड्या ओळीने लावतात. टेस्टरवर एकपासून आठपर्यंत सगळे दिवे लागतात आणि केबल पास झाल्यासारखी वाटते. पण लांब अंतराला लावली की नेट अडखळतं. कारण तीन आणि सहा नंबरची पिन मिळून एक संकेत नेतात. त्या दोघींना एकाच पिळातल्या वायरी मिळाल्या नाहीत तर पिळाचा उपयोग संपला. टेस्टर फक्त वायर पोचली का ते सांगतो, सोबत बरोबर आहे का ते सांगत नाही. क्रम पाठ करायचा तो या कारणासाठी. कारण कळलेला क्रम विसरत नाही, हा माझा अनुभव आहे.

आमच्या भागात गणेशोत्सवात तांत्रिक देखावे बघायला गर्दी लोटते. मूर्तीचा हात हलतो, पडद्यावर दृश्य बदलतं आणि त्याच क्षणी आवाज येतो. लोक देखाव्याकडे बघतात, मी मांडवाच्या मागे जातो. तिथे रात्रभर जागून पोरांनी वायरी ओढलेल्या असतात, प्रत्येक टोकाला कागदाची पट्टी चिकटवलेली असते. यातल्या अनेकांनी कुठल्या वर्गात हे शिकलेलं नसतं. कुतूहल, सोबत आणि जबाबदारी एवढ्यावर ती शिकतात. त्यांच्या हातातल्या कौशल्याला कारणांची जोड मिळाली, तर हीच पोरं उद्या रुग्णालयाचं किंवा कारखान्याचं नेटवर्क उभं करतील, असा मला विश्वास आहे.

कारखान्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. कुणाला वाटेल की नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट आता इतिहासजमा झालं, मग त्यावर अख्खं प्रकरण कशाला? शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या मशीन शॉपमध्ये जाऊन बघा. तिथल्या जुन्या सीएनसी यंत्रांना प्रोग्राम अजूनही याच वाटेने द्यावा लागतो. या पोर्टमागचा आरएस-२३२ हा नियम पहिल्यांदा १९६० साली आला आणि आजही तो लोखंड कापतो आहे. नव्या लॅपटॉपला हे पोर्ट नसतं, म्हणून यूएसबीला कन्व्हर्टर लावतात. केबल बरोबर असूनही पडद्यावर अगम्य चिन्हं आली, तर दोन्ही बाजूंचा वेग जुळत नाही असं समजावं. एक बाजू ४८०० च्या वेगाने बोलत असेल आणि दुसरी ९६०० च्या वेगाने ऐकत असेल तर शब्द कसे कळणार? वेग, डेटा बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट हे चारही दोन्हीकडे सारखे हवेत. एका सुपरवायझरने यंत्राच्या दाराच्या आतल्या बाजूला हे चार आकडे खडूने लिहून ठेवलेले मी पाहिले आहेत. रात्रपाळीला येणाऱ्या नव्या मुलासाठी ते मोलाचे ठरतात.

आता आजच्या काळातल्या खऱ्या अडचणीकडे येतो. ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी-सीचा नियम आला. २४ पिना, वरखाली सारख्या, कसंही घाला, बसतं. पहिल्या यूएसबीत ही सोय नव्हती, कारण दोन्ही बाजूंनी चालायचं तर वायरी आणि सर्किट जवळपास दुप्पट लागतात आणि तेव्हा खर्च कमी ठेवायचा होता. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलसह अनेक उपकरणांना हेच पोर्ट सक्तीचं केलं. एकच चार्जर सगळ्यांना चालावा, कचरा कमी व्हावा, हा हेतू चांगलाच आहे. पण त्याबरोबर एक जुना आधार सुटला. पूर्वी आकार बघून काम कळायचं. आता आकार एक आणि कामं अनेक झाली आहेत.

एकाच टेबलावरच्या तीन यूएसबी-सी केबल घ्या. एक फक्त जुन्या ४८० मेगाबिटच्या वेगाने माहिती नेते आणि मोबाइल चार्ज करते. दुसरी ४० गिगाबिटच्या वेगाने जाते आणि मॉनिटरही चालवते. तिसरी २४० वॉटपर्यंत वीज नेऊ शकते, कारण तिच्या टोकात छोटी चिप आहे. ती चिप उपकरणाला सांगते की माझी ताकद इतकी आहे. चिप नसलेल्या केबलमधून ६० वॉटपेक्षा जास्त वीज उपकरणं घेत नाहीत. हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लॅपटॉप हळू चार्ज होतो, मॉनिटर लागत नाही आणि माणूस लॅपटॉपला दोष देतो. इथून पुढे आकाराबरोबर खुणाही वाचाव्या लागणार: केबलवर छापलेला वेग, वॉटचा आकडा, पोर्टशेजारचं विजेचं चिन्ह. अक्षर ओळखणाऱ्याने आता शब्द वाचायला शिकायचं आहे. पोर्ट सोपी झाली असताना अशी पुस्तिका कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे.

आत बसतं म्हणून चालतं असं नाही, याचे आणखी दाखले घरातच आहेत. वायफाय राउटरचा ॲडॅप्टर १२ व्होल्टचा असतो आणि शेजारच्या एखाद्या खोक्याचा ५ किंवा ९ व्होल्टचा. गोल पिन मात्र बहुधा तीच. ५ व्होल्टच्या यंत्रात १२ व्होल्ट गेले की काही क्षणांत धूर निघतो. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर मागणीपेक्षा जास्त असले तर चालतात, कमी असले तर नाही. पिनेतला आतला भाग धन की ऋण हे दाखवणारं छोटं चित्रही दोन्हीकडे सारखं असावं लागतं. तसंच, ज्या एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) केबल सुट्या निघतात, त्या एका कंपनीच्या केबल दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत. टोक बसतं, आतल्या वायरींचा क्रम वेगळा असतो. अशाने हार्डडिस्क जळते आणि तिच्यात साठवलेले फोटो, हिशेब, मुलांचे प्रकल्प कुठल्याही दुकानात विकत मिळत नाहीत.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीपर्यंत शिरलं, त्यानंतरचे आठवडे मी विसरू शकत नाही. दुकानात ठेवायला जागा उरली नव्हती. चिखलाने भरलेली कॅबिनेट, हिरवा गंज धरलेली तांब्याची टोकं. आम्ही पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत होतो, वाळवत होतो, पुन्हा पुसत होतो. ज्यांनी पाणी चढण्याआधी घाईने वायरी उपसून यंत्रं माळ्यावर नेली होती, त्यांची यंत्रं वाचली, पण नंतर काय कुठे होतं ते कुणाला आठवेना. एका औषध दुकानदाराने मात्र वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढला होता आणि प्रत्येक टोकाला डॉक्टरी पट्टी गुंडाळून आकडा घातला होता. पूर ओसरल्यावर त्याचं बिल करणारं यंत्र त्याने स्वतःच जोडलं. ज्या दिवसांत औषधं सर्वांत जास्त लागत होती, त्या दिवसांत ते दुकान सुरू झालं. चिकटपट्टीवरच्या आकड्याची किंमत मला तेव्हा कळली.

एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी महाराष्ट्रातल्या लाखो लोकांच्या हातात माउस दिला. खेड्यातल्या मुलीने टंकलेखन शिकून नोकरी मिळवली, पतसंस्थेतल्या कारकुनाने खातेवह्या संगणकावर आणल्या. पडद्यावरचं शिक्षण असं घरोघर पोचलं. आता पडद्याच्या मागच्या बाजूला हात घालण्याची वेळ आहे. त्यासाठी इंग्रजी यायलाच हवं असं नाही. खाच, पिन, आटे, पीळ, जमीन, जोड हे शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शेतातल्या पंपापासून चरकापर्यंत आपण यंत्रं याच शब्दांनी जोडत आलो. म्हणून या पुस्तिकेत पोर्टांची नावं जशी बोलली जातात तशीच ठेवली आहेत आणि त्यांचं वर्णन मात्र आपल्या शब्दांत केलं आहे.

पुस्तिकेचे पाच भाग आहेत. पहिल्यात बाहेरची पोर्ट आकार, पिना आणि रंग यांवरून ओळखायला शिकवलं आहे. दुसऱ्यात कॅबिनेटच्या आतल्या जोडण्या आहेत: पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, काळी जमिनीची, इथपासून पॉवर बटणाच्या बारीक पिनांपर्यंत. तिसरा भाग नेटवर्कचा. चौथा सिरीयल पोर्टचा, खास दूध संस्था आणि कारखान्यांसाठी. पाचवा यूएसबी-सीच्या खुणा वाचण्याचा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी हाताने करायचं एक काम दिलं आहे. ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये, ही विनंती.

या पुस्तिकेतलं जे बरोबर आहे ते मला गिऱ्हाइकांनी, कारागिरांनी आणि ‘का?’ विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिकवलं. त्या सगळ्यांचं ऋण मानतो.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. संगणक बंद करा, भिंतीतला प्लग काढा आणि कॅबिनेट फिरवून त्याची पाठ समोर घ्या. एकही वायर ओढू नका. कागदावर त्या पाठीचं चित्र काढा: कुठे गोल, कुठे निळं, कुठे कोपरा कापलेला. जे ओळखता येतं त्याचं नाव लिहा, जे येत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. मग सचिवांनी केलं तसं प्रत्येक केबलच्या टोकाला चिकटपट्टी लावून आपल्या अक्षरात लिहा, ती कुठून कुठे जाते. तुमच्या कागदावरची प्रश्नचिन्हं एकेक करून पुसायला पुढची पानं आहेत.

राजारामपुरी, कोल्हापूर